पोटातले ओठांवर

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली की आमच्या वर्गात कवींची एकदम गर्दी होते. कुणी पाऊस घेतो, कुणी आई घेतो, कुणी राष्ट्रीय एकात्मता. मी मात्र पोट हा विषय घेतला आहे. हसू नका! हृदयावर आपल्या भाषेत जितके लिहिले गेले तितके पोटावर लिहिले गेलेले नाही. जे लिहिले गेले ते बहुधा भुकेविषयी. भूक हा मोठा विषय खराच. परंतु समोर ताट वाढलेले आहे, भूकही लागली आहे आणि तरीही खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, या दुःखाला आपल्याकडे धड शब्द नाहीत. जे आहेत ते चारचौघांत उच्चारायचे नसतात, आणि मुलीने तर नाहीच नाही. एखादी गोष्ट पोटात ठेवावी, असे वडीलधारे सांगतात. माझी तर गोष्टच पोटाची होती. ती पोटातच राहिली असती, तर द्वितीय वर्षाच्या हजेरीपटावर माझे नाव आज दिसले नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहानशा गावची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. माय त्यांच्याबरोबर शेतात राबते आणि हंगामात दुसऱ्यांच्या कापूसवेचणीलाही जाते. बारावीला बरे गुण पडले तेव्हा गावच्या गुरुजींनी आबांना दोन संध्याकाळी ओट्यावर बसून समजावले, आणि जून २०२३ मध्ये मी देवपुरात आले. आग्रा रोडच्या आतल्या एका गल्लीत आम्ही चार मुलींनी मिळून एक खोली भाड्याने घेतली. खोलीत एक मोरी, आणि जिन्याखाली एक संडास. तो त्या घरातल्या तिन्ही बिऱ्हाडांत सामाईक. पहिल्याच रविवारी आम्ही चौघी पांझरेच्या काठी एकवीरा देवीच्या दर्शनाला गेलो. मी देवीकडे फक्त इंग्रजीत पास होण्याचे मागणे मागितले. प्रकृतीसाठी काही मागावे, असे त्या वयात सुचत नाही.

येथे पोळी-भाकरीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण माझी सारी कथा या दोघींमधली आहे. आमच्या खेड्यात रोजचे जेवण म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती काळसर भाकरी, ठेचा, कधी वांग्याचे भरीत, कधी डाळ. गहू हा सणासुदीचा आणि पाहुण्यांचा. अखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या, लग्नात वरण-बट्टी. रेशनचा गहू घरी येई, त्याच्या पोळ्याही होत. पण त्या आधी आबांच्या आणि भावाच्या ताटात पडत. माय, मी आणि धाकटी बहीण आम्ही भाकरीवर. आम्हाला त्यात काही वावगेही वाटत नसे. गावात रीतच तशी होती. पोळी म्हणजे मान, भाकरी म्हणजे पोट भरणे.

देवपुरात आल्यावर मात्र हा मान अनायासे माझ्या ताटात आला. मेसच्या डब्यात सकाळी चार पोळ्या, संध्याकाळी चार पोळ्या, भाजी, वरण आणि भात. चहाबरोबर बिस्किट, मधल्या सुट्टीत पाव-वडा. आबा पारावर अभिमानाने सांगत, “मनी पोर धुयाले रोज पोयी खास!” ते ऐकून मलाही बरे वाटे.

गणपतीच्या सुमारास पोट बिघडले. सुरुवातीला साधे जुलाब वाटले. पाणी बदलले असेल, असे सगळ्या म्हणाल्या, मलाही पटले. आठ दिवस गेले, पंधरा गेले. सकाळी तीन वेळा, जेवणानंतर पुन्हा, कधी रात्री उठून. पोट ढोलासारखे तट्ट फुगायचे, आत काहीतरी गुरगुरायचे, तोंडात फोड यायचे. जिन्याखालच्या त्या एका संडासासमोर बादली घेऊन उभे राहणे ही काय शिक्षा असते, हे ज्याने भोगले त्यालाच कळेल. बिऱ्हाडातल्या बायका एकमेकींकडे पाहत. मी पहाटे चारला उठू लागले, म्हणजे कुणाची दृष्टी नको. वर्गात दाराजवळचा शेवटचा बाक धरला. सर शिकवीत असताना मधेच उठून जाण्याची लाज वाटे, आणि न जावे तर जीव कासावीस. गावी जायचे तर एस.टी.चा तासा-दीड तासाचा प्रवास. आदल्या रात्रीपासून मी काही खातच नसे.

मग सुरू झाली औषधांची यात्रा. पहिल्या डॉक्टरांनी आम्लपित्त सांगितले आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी जंताची गोळी दिली. तिसऱ्यांनी रक्त तपासून टायफॉइड म्हटले, सलाईन लावले. आबांच्या कापसाचे तीन हजार त्या खाटेवर गेले. चौथ्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. तिच्यात काहीच निघाले नाही. वाचकहो, काहीच न निघणे ही आनंदाची बातमी असते, असे तुम्हाला वाटेल. आजाऱ्याला तसे वाटत नाही. कागदावर ‘नॉर्मल’ असे छापून आले, त्या दिवसापासून माझ्या दुखण्यावरचा लोकांचा विश्वासच उडाला. एका डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितले की मुलगी खेड्यातून आली आहे, अभ्यासाचा ताण आहे, मनाचे आहे. आबांनी ते मायला सांगितले, मायने मावशीला, आणि महिन्याभरात सगळ्या गोतावळ्यात झाले की पोरीला कॉलेज झेपत नाही.

दिवाळीत गावी गेले तर आजीने, तिला आम्ही मोठी माय म्हणतो, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. एका बाईने पोटाला तेल चोळून ‘वटी सरकली’ असे निदान केले आणि ती जागेवर बसवून दिली. गंमत अशी की मला खरोखरच बरे वाटू लागले. तीन आठवड्यांत पोट शांत झाले, चेहऱ्यावर थोडी कळा आली. श्रेय वटी बसवणाऱ्या बाईला मिळाले. धुळ्याला परतले आणि दहाव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता तर संशयाला जागाच उरली नाही. घरी बरी, कॉलेजात आजारी. मग हे नाटक नव्हे तर काय? भाऊ तोंडावर म्हणाला नाही, पण त्याच्या डोळ्यांत ते दिसे.

प्रथम वर्षाची परीक्षा मी कशी दिली ते मलाच माहीत. वजन चव्वेचाळीसवरून सदतीस किलोवर आले होते. केस कंगव्यात मुठीने येत. जिना चढताना धाप लागे. महिन्याची पाळी चार महिने आली नव्हती, आणि ती गोष्ट मायला सांगितल्यावर मायच्या तोंडचे पाणी पळाले. तिच्या मनात काय काय आले असेल, ते मुलींना सांगायला नको. रक्तातले हिमोग्लोबिन ७.६ भरले. लोहाच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या, काडीचा फरक नाही. तेवढ्यात मे २०२४ मध्ये एक स्थळ आले. मुलगा शिरपूरकडचा, घरी बागायत. मावशी म्हणाली, लग्न झाले की पोरीचे सगळे सुरळीत होते. आबा काही बोलले नाहीत. रात्री ओट्यावर ते बराच वेळ बसून होते. मला आत ऐकू आले, ते मायला म्हणत होते, “तब्येत नही, तं शिकीसन काय करी?” त्यांचा त्यात दोष नव्हता. दोन वर्षांचा कापूस त्यांनी माझ्या पोटात घातला होता आणि तो कुठे जातो ते कुणी सांगत नव्हते.

त्याच अखाजीला घरी खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या. माहेरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले, गाणी चाललेली. मी आग्रहाने दोन पोळ्या खाल्ल्या आणि रात्रभर गोठ्यामागे फेऱ्या घातल्या. मोठी माय कंदील घेऊन बाहेर उभी राहिली. सकाळी ती म्हणाली, “तू लहान व्हती तवय बी लगीनमा बट्टी खादी का उलट्या करे.” तिचे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. त्यानंतर दोन-सव्वादोन महिने मी घरी फक्त भाकरी आणि भात खाल्ला. पोट शांत! मी मायजवळ हळूच म्हटले, मला गहू तर बाधत नसेल? माय चकितच झाली. “गहू कोणले बाधस का, पोरी?” ती म्हणाली. तिचेही खरे होते. ज्या धान्याची गरिबाला आयुष्यभर आशा, ते धान्य शत्रू कसे असेल?

ऑगस्टमध्ये मी परत देवपुरात आले. खोलीतल्या मैत्रिणीची एक मामेबहीण परिचारिका आहे. तिने माझा रंग पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मला सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला लावला. रांगेत साडेतीन तास गेले. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी फाइल चाळली, बाजूला ठेवली, आणि वर्षभरात मला कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला. “गावाला गेल्यावर तू काय जेवतेस गं?”

मी सांगू लागले. कळण्याची भाकरी, देवपूरच्या पोळ्या, अखाजीची रात्र, बट्टी, मोठ्या मायचे वाक्य. आयुष्यात प्रथमच एखाद्या डॉक्टरसमोर मी सलग पाच मिनिटे बोलले असेन. त्या मधे बोलल्या नाहीत, फक्त लिहीत गेल्या. मग त्यांनी समजावले की अशा पोटाची कारणे अनेक असू शकतात. आपल्याकडे आतड्यांचा क्षय पुष्कळ आढळतो, तो आधी पाहावा लागेल. जंतूंसाठी शौचाची तपासणी करावी लागेल. आणि एक रक्ताची तपासणी अशी आहे, जी तुझ्या बोलण्यावरून करावीशी वाटते. परंतु तू दोन महिने गहू जवळजवळ सोडला आहेस. शरीरासमोर गहू नसेल तर त्याच्याविरुद्धची रक्तातली द्रव्ये ओसरत जातात, आतडेही भरून येऊ लागते, आणि आजार असूनही तपासणी नाही म्हणू शकते. तेव्हा सहा आठवडे रोज दोन-तीन पोळ्या खा आणि मग ये. फार त्रास झाला तर लगेच ये.

मंडळी, ज्या ताटाने आपला घात होतो असा संशय आहे, त्याच ताटावर सहा आठवडे जाणूनबुजून बसायचे! एका वहीत मी रोज काय खाल्ले आणि काय झाले ते लिहून ठेवू लागले. मराठीच्या तासाला रोजनिशी हा वाङ्मयप्रकार आम्ही शिकत होतो. माझी रोजनिशी सरांना दाखवण्यासारखी नव्हती. त्याच दिवसांत अंतर्गत परीक्षा आल्या. मैत्रिणी रात्री माझ्यासाठी मीठ-साखरेचे पाणी करून ठेवत. एकदा मी रडून म्हटले, आता पुरे. तर खोलीतली सर्वांत अबोल मुलगी म्हणाली, “अजून अकरा दिवस. मी मोजतेय.”

तपासणीचे नाव टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज. उच्चारच असा की आबांनी चिठ्ठीवर देवनागरीत लिहून घेतला. आकडा सामान्य मर्यादेच्या दहापटीहून वर निघाला. नंतर घशातून बारीक दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे चिमूटभर तुकडे घेतले. दहा-बारा मिनिटांचे काम, पण त्या मिनिटांची लांबी घड्याळात मावत नाही. क्षयाची लक्षणे नव्हती. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी आबांना खुर्चीवर बसवले आणि आजाराचे नाव सांगितले: सीलिॲक.

मला त्या क्षणी काय वाटले, ते सांगितले तर विचित्र वाटेल. जन्मभराचा आजार आहे असे त्या सांगत होत्या, आणि मला हायसे वाटत होते. कारण ते नाटक नव्हते, मनाचे नव्हते, दृष्ट नव्हती. त्याला नाव होते. नाव असलेल्या दुखण्याशी माणूस निदान भांडू तरी शकतो.

हा आजार म्हणजे नेमके काय, ते मला जसे कळले तसे सांगते. गहू, बार्ली म्हणजे जव, आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की ती लवचीक होते, ती त्याच्यामुळे. काही माणसांच्या शरीरात जन्मतःच अशी प्रवृत्ती असते की या प्रथिनाला पाहून शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. लहान आतड्याच्या आतून मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषायचे काम त्यांचे. ते झडून सपाट होतात. मग कितीही खा, शेत नांगरटीविना पडावे तसे होते, पाणी वरून वाहून जाते. लोह शोषले जाते ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि इजा पहिली तिथेच होते. माझ्या लोहाच्या गोळ्या वाया का गेल्या, याचे उत्तर तिथे होते. औषध एकच: ग्लुटेन पूर्ण आणि कायमचे बंद. अंकुर पुन्हा उगवतात. आपल्या देशात हा आजार पंजाब, हरियाणा, राजस्थान अशा गहू खाणाऱ्या भागांत अधिक आढळतो. ज्वारी-बाजरीच्या मुलखात तो चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

निदान झाल्यावर वाचनाची भूक लागली. या आजाराचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थच मुळी पोट! १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी त्याचे नेमके वर्णन केले आणि बरे व्हायचेच असेल तर ते आहारानेच, असे बजावले. पण कोणता आहार, ते त्यांना उमगले नव्हते. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास या डॉक्टरांनी अशा मुलांना केळी खाऊ घातली आणि मरणाच्या दारातली मुले सुधारली. हे वाचताना मला आमचे शेजारचे जळगाव आठवून हसू आले. केळीच्या आगारात राहणाऱ्यांना हे औषध किती सोपे! परंतु खरी मेख निराळीच होती. गुण केळ्यांचा नव्हता. हास यांच्या आहारात पाव बंद होता, म्हणून मुले सुधारत. बरी झाली म्हणून पाव दिला की पुन्हा आजारी. आमच्या गावच्या वटी बसवणाऱ्या बाईचे आणि त्या थोर डॉक्टरांचे गणित एकाच जागी चुकले, असे म्हणायला हरकत नाही.

उत्तर सापडले ते हॉलंडमध्ये. विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. पाव बंद केल्यावर आपले मूल सुधारते, असे एका आईने त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, आणि इतरेजन खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारली. युद्ध संपले, पाव परत आला, आणि त्याबरोबर त्यांचा आजारही. डिके यांनी हे सारे अभ्यासून १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. एका आईचे बोलणे आणि एक दुष्काळ, यांतून ते निदान जन्माला आले.

ही हकीकत मी मोठ्या मायला सांगितली. दुष्काळ म्हटल्यावर ती १९७२ च्या दुष्काळाकडे गेली. रोजगार हमीची खडी, सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो. बोलता बोलता ती थांबली. तिची थोरली मुलगी, म्हणजे माझी आत्या, पाच वर्षांची असताना गेली; तिला मी कधी पाहिले नाही. ती खात असे, पण अंगी लागत नसे, पोट तेवढे मोठे, हातपाय काड्यांसारखे, असे घरात बोलले जाई. कुणी बाहेरचे म्हणाले, कुणी मुडदूस म्हणाले. मोठी माय मला म्हणाली, “तिलेबी हाईच व्हतं का वं?” मी काय उत्तर देणार? तिचे कुठलेच कागद नाहीत, कुठलीच तपासणी झालेली नाही. मी नुसता तिचा हात धरून बसले.

त्या प्रश्नाने मात्र एक काम केले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेच होते की हा आजार रक्ताच्या नात्यांत उतरू शकतो, तेव्हा सख्ख्या भावंडांनी आणि आईवडिलांनी तपासून घ्यावे. आबा टाळत होते. खर्चामुळे नव्हे, भीतीमुळे. दोन मुलींना आजार आहे असे गावात कळले तर? मोठ्या मायने त्यांना सुनावले. “एक पोर मी नशिबवर सोडी दिन्ही. आते तू सोडू नको.” डिसेंबरात सगळ्यांचे रक्त धुळ्याला तपासले. आबा, माय, भाऊ यांचे ठीक निघाले. धाकटी बहीण, जिला आम्ही सारे ‘किरकोळ’ म्हणून चिडवत होतो, जिची उंची दोन वर्षे वाढलीच नव्हती, तिच्या तपासणीत तोच आजार निघाला. ती तेरा वर्षांची आहे. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर सापडले; आता वाढेल. माय दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. ते रडणे दुःखाचे होते की सुटकेचे, मला अजून ठरवता आलेले नाही.

आता रोजचे जगणे. गहू सोडायचा म्हणजे पोळी सोडायची, एवढेच मला वाटले होते. पण गहू किती रूपांनी येतो! रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, बिस्किट हे तर झालेच. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. प्रत्येक फोडणीत तो शत्रू. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर ज्वारीच्या पिठात गहू आलाच. ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे तर सरकारी नियमाप्रमाणे एका किलोत वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून थोड्याचीही किंमत कळावी. तशी पाकिटे मिळतात, पण त्यांचे भाव आम्हाला परवडणारे नाहीत. मग मायने माळ्यावरचे जाते खाली काढले. ते टाकवून घेतले. ज्वारी निवडून ती घरीच दळते आणि पंधरा दिवसांनी ओळखीच्या माणसाबरोबर एस.टी.ने पिठाचा डबा देवपूरला पाठवते. मेसच्या काकूंनी आधी कां-कूं केले; आता त्यांनी माझा तवा वेगळा ठेवला आहे आणि कणकेला हात लावण्यापूर्वी माझ्या दोन भाकऱ्या थापून टाकतात.

एक विसंगती मात्र मनाला टोचते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आपल्या देशाच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. आमच्याही वर्गात ज्वारी-बाजरीच्या गुणांवर भित्तिपत्रके झाली. मी स्वतः एकावर अक्षर काढले होते. आणि त्याच वर्षी मी ज्वारीवाचून आजारी पडत होते! आमच्या शिवारात आता कापूस आणि मका. ज्वारी लावणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतके. रेशनवर गहू-तांदूळ; ज्वारी मात्र बाजारातून विकत आणायची. ज्या भाकरीला आम्ही गरिबी म्हणत होतो, ती आता आम्हाला महाग पडते. पण यंदा आबांनी अर्धा एकर ज्वारी पेरली. विचारले तर म्हणाले, “तुले पोयी खावाले धुयाले धाडं, नी तू परत भाकरवरच उनी!” असे म्हणून हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना पाहिले.

लग्नकार्यात अजून अवघड जाते. डबा घेऊन पंगतीत बसले की बायका विचारतात, आणि शहरात जाऊन नखरे शिकली, असेही कानावर येते. अशा वेळी मला विनोबा आठवतात. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांना पोटातल्या व्रणाचा जुना विकार होता, आहार मोजून-मापून घ्यावा लागे, आणि तरीही १९५१ पासून भूदानासाठी ते वर्षानुवर्षे पायी देश फिरले. त्यांच्या पथ्याला कुणी नखरा म्हटले नाही. थोरांचे पथ्य ते व्रत, आणि खेड्यातल्या मुलीचे पथ्य तो नखरा, हा न्याय कुठला?

त्या शिरपूरच्या स्थळाला आबांनी स्वतःहून आजाराविषयी कळवले. तिकडून पुढे काही उत्तर आले नाही. मला वाईट वाटले असे लिहिले, तर ते खोटे होईल.

जानेवारीत हिमोग्लोबिन १०.९ झाले. वजन बेचाळीस. मी आता दुसऱ्या बाकावर बसते. डॉक्टरीणबाईंकडे तीन महिन्यांनी जाते. त्या आधी वही मागतात. परवा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती सर्वांसाठी येथे लिहिते. माझी कथा ऐकून कुणी आपल्या मनाने गहू सोडू नये. बहुतेकांना गहू काही करत नाही, आणि तपासणीआधी सोडला तर खरे निदान हातचे जाते. सोडायची आहे ती लाज. जुलाब, रक्ताची कमतरता, न वाढणारे वजन महिनोन्‌महिने चालू असेल, तर डॉक्टरांना ते पूर्ण सांगा. संकोच वाटतो ते आधी सांगा.

रविवारी बहीण पिठाचा डबा घेऊन स्वतः देवपूरला आली होती. तिने दारातच पाठ भिंतीला टेकवली आणि मला पेन्सिलीने खूण करायला लावली. दिवाळीच्या खुणेपेक्षा ही खूण दोन बोटे वर आहे, असा तिचा दावा आहे. दिवाळीची खूण मात्र गावच्या घरच्या भिंतीवर आहे. तेव्हा सुट्टीत जाऊन पडताळून पाहावे लागेल.

— द्वितीय वर्ष, कला शाखा